व्यसनमुक्तीचे वैद्यक : शिक्षण आणि सेवेच्या वाटा

रत्नागिरी शहराच्या पश्चिम अंगास मांडवीचा किनारा आहे. मांडवी या शब्दाचा जुना अर्थ जकातीचे ठाणे असा होतो. समुद्रमार्गाने आलेला माल जेथे उतरत असे, मोजला जात असे आणि त्यावर कर बसत असे, त्या जागेला हे नाव मिळाले. आज या किनाऱ्यावर सायंकाळी फिरावयास येणाऱ्यांची वर्दळ असते, तर मासेमारीचा मोठा व्यवहार जवळच्या मिरकरवाडा बंदरातून चालतो. याच शहरात १८८६ साली स्थापन झालेले मनोरुग्णालय आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यात दीर्घकाळ चालत आलेली चार प्रादेशिक मनोरुग्णालये होत आणि त्यांपैकी कोकणपट्टीच्या दक्षिण भागाची गरज रत्नागिरीचे रुग्णालय भागवीत आले आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या या परंपरेमुळे मनोविकारावरील औषधोपचार ही गोष्ट रत्नागिरीकरांना अपरिचित नाही. तथापि, दारूचे किंवा अमली पदार्थांचे व्यसन हाही एक आजार आहे आणि त्यासाठी विशेष शिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो, हा विचार मात्र समाजात अद्याप पुरेसा रुजलेला नाही. हे शिक्षण कोणते, ते कोठे मिळते आणि ते घेतलेले डॉक्टर पुढे कोणत्या मार्गाने जातात, याचा परिचय लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि अधिकारी यांना असणे अगत्याचे आहे.

तिसऱ्या दिवसाचा धोका

अनेक वर्षे रोज दारू पिणारा मनुष्य काही कारणाने एकाएकी दारूवाचून राहतो. पाय मोडून तो रुग्णालयात दाखल झालेला असेल, तुरुंगात गेला असेल, किंवा बोटीवर खलाशी म्हणून काही दिवसांसाठी खोल समुद्रात गेला असेल. दारू थांबल्यापासून साधारण सहा ते बारा तासांत त्याचे हात कापू लागतात, घाम सुटतो, मळमळते आणि झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना आकडी येते. दुसऱ्या दिवसानंतर, बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी, थोड्या रुग्णांची अवस्था अधिक बिघडते. त्यांना वेळकाळाचे भान राहत नाही, नसलेली माणसे व जनावरे दिसतात, ताप चढतो, नाडी वेगाने चालते. वैद्यकशास्त्रात या अवस्थेस डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न झाल्यास ती जिवावर बेतते.

गावात अशा रुग्णाला ‘बाहेरचे काही लागले’ असे समजून गाऱ्हाणे घालण्याकडे कल असतो. काही ठिकाणी त्याला खोलीत कोंडले जाते. रुग्णालयातही डॉक्टरने दारूविषयी विचारलेच नसेल, तर मेंदूज्वर किंवा वेड असे निदान होण्याचा संभव असतो. वास्तविक यावरील उपचार कठीण नाहीत. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपाम यांसारखी औषधे मोजून मापून दिली आणि हळूहळू कमी केली, शरीरातील पाणी व क्षार सांभाळले आणि थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, इंजेक्शनने दिले, तर बहुतेक रुग्ण सुखरूप बाहेर पडतात. थायामिनच्या बाबतीत क्रमालाही महत्त्व आहे. अशक्त मद्यपी रुग्णाला थायामिन न देता केवळ ग्लुकोजची बाटली लावली, तर मेंदूला कायमची इजा पोहोचू शकते. ही माहिती वैद्यकीय अधिकाऱ्यास वेळेवर आठवणे आणि न आठवणे, यात एका कुटुंबाचा कर्ता पुरुष वाचणे किंवा न वाचणे एवढे अंतर असते. व्यसन-वैद्यकाच्या शिक्षणाची निकड येथून सुरू होते.

गरज किती, उपचार किती

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकसंख्येपैकी १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात, असे त्यात आढळले. यांपैकी प्रत्येकजण रुग्ण नव्हे. परंतु एकूण लोकसंख्येच्या ५.२ टक्के लोकांना मद्याच्या त्रासापायी मदतीची गरज आहे, आणि एकूण लोकसंख्येच्या २.७ टक्के लोक पूर्णतः मद्यावलंबी झालेले आहेत. उपचाराची स्थिती याहून चिंताजनक आहे. मद्यावलंबी व्यक्तींपैकी सुमारे ३८ जणांत एकालाच कोणत्या तरी प्रकारचा उपचार मिळाला होता आणि रुग्णालयात राहून उपचार मिळालेल्यांचे प्रमाण १८० जणांत एक एवढेच होते.

क्षयरोग किंवा हिवताप यांच्या बाबतीत असे प्रमाण आढळले असते, तर ती आणीबाणी मानली गेली असती. व्यसनाच्या बाबतीत तसे घडत नाही, याचे कारण समाजाच्या दृष्टीत आहे. व्यसन हा स्वभावदोष आहे अशी समजूत असल्यामुळे रुग्ण लाजतो, कुटुंब लपविते आणि डॉक्टरही त्या विषयास हात घालण्यास कचरतो.

एका शास्त्राचा उदय

या शास्त्राची जडणघडण निरनिराळ्या क्षेत्रांतील डॉक्टरांच्या हातून झाली. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावी ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही स्वमदत चळवळ उभी राहिली. तिच्या दोन संस्थापकांपैकी डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक असून स्वतः मद्यासक्तीतून बाहेर पडलेले होते. दारूची प्रतिक्रिया घडवून आणणारे डायसल्फिराम हे औषध १९४०च्या दशकात डेन्मार्कमधील संशोधकांनी प्रचारात आणले. १९५४ साली डॉ. रूथ फॉक्स यांनी न्यूयॉर्क येथे मद्यासक्तीवर काम करणाऱ्या डॉक्टरांची संघटना स्थापन केली. पुढे १९६०च्या दशकात त्याच शहरात चयापचयाचे अभ्यासक डॉ. व्हिन्सेंट डोल आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. मारी नायस्वांडर यांनी हेरॉइनच्या रुग्णांना मेथाडोन हे औषध नियमित देऊन त्यांचे जीवन स्थिरावता येते, हे दाखवून दिले.

अमेरिकेत या विषयाची दोन दालने आहेत. मनोविकारतज्ज्ञांसाठी व्यसन-मनोविकारशास्त्राची उपशाखा १९९०च्या दशकात सुरू झाली. २०१६ साली तेथील वैद्यकीय मंडळाने ‘व्यसन-वैद्यक’ या स्वतंत्र उपशाखेस मान्यता जाहीर केली. त्यामुळे कुटुंबवैद्यक, बालरोग, औषधवैद्यक, स्त्रीरोग अशा कोणत्याही शाखेतील तज्ज्ञास वर्षभराचे पुढील प्रशिक्षण घेऊन या विषयात जाता येते. व्यसनाधीन मनुष्य कोणत्याही डॉक्टरच्या दारात येऊ शकतो, ही वस्तुस्थिती या रचनेच्या मुळाशी आहे.

भारतातील शिक्षणक्रम

आपल्याकडे हा मार्ग मनोविकारशास्त्रातून जातो. एम.बी.बी.एस. झाल्यावर मनोविकारशास्त्रात एम.डी. ही तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी घ्यावी लागते. त्यानंतर व्यसन-मनोविकारशास्त्रात डी.एम. हा आणखी तीन वर्षांचा अतिविशेष अभ्यासक्रम आहे. नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, चंदीगडची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था आणि बंगळूरची राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था ही या शिक्षणाची प्रमुख केंद्रे होत. दिल्लीच्या संस्थेचे राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र १९८८ साली सुरू झाले आणि २००३ पासून ते गाझियाबाद येथे आहे. सरकारी सेवेतील सामान्य वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी अल्पमुदतीचे प्रशिक्षण देण्याचे कामही हे केंद्र करीत आले आहे.

डी.एम.च्या जागा देशभरात मोजक्याच असल्यामुळे या पदवीधरांवर सर्व भार टाकता येणार नाही. त्यांनी इतरांस शिकवावे आणि इतरांनी प्रत्यक्ष काम करावे, अशी विभागणीच व्यवहार्य ठरते. म्हणून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातील आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरचे अल्पकालीन प्रशिक्षण हे मोठ्या पदवीइतकेच महत्त्वाचे आहे. एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्याच्या वाट्यास मनोविकार विभागातील अनुभवाचे मोजकेच आठवडे येतात आणि त्यात व्यसनाचा भाग आणखी थोडा असतो.

विद्यार्थी काय शिकतो

या विद्येची स्थूलमानाने पाच अंगे सांगता येतील.

पहिले अंग म्हणजे ओळख. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी आहे. तीत ४० पैकी ८ किंवा अधिक गुण आल्यास मद्यपान धोक्याच्या मर्यादेत गेले असे समजतात, आणि २० किंवा अधिक गुण आल्यास अवलंबित्वाची शक्यता धरून पुढील तपासणी करतात. प्रश्न साधे आहेत. ते न लाजता आणि न लाजविता विचारणे हे शिकावे लागते.

दुसरे अंग औषधांचे. व्यसन सोडताना होणारा त्रास आवरणारी औषधे वेगळी, आणि पुन्हा ओढ लागू नये म्हणून दिली जाणारी नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधे वेगळी. अफूजन्य पदार्थांच्या रुग्णांसाठी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देखरेखीखाली देतात. डायसल्फिरामबाबत येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. ही गोळी घेतलेल्या माणसाने दारू घेतल्यास त्याला तीव्र त्रास होतो आणि प्रसंगी जीव धोक्यात येतो. म्हणून ती रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरच्या सल्ल्यानेच द्यावयाची असते. रुग्णाच्या नकळत ती आमटीत किंवा चहात मिसळणे अत्यंत घातक आहे.

तिसरे अंग संभाषणाचे. उपदेशाने किंवा धाकाने व्यसन सुटत नाही, हा जगभरचा अनुभव आहे. १९८३ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी प्रेरक संवादाची पद्धत मांडली. बदलाची कारणे रुग्णाच्याच तोंडून यावीत आणि डॉक्टरने ती ऐकून बळकट करावीत, असे या पद्धतीचे सूत्र आहे.

चौथे अंग कुटुंबाचे. पत्नी, आई, मुले यांनी वर्षानुवर्षे सोसलेले असते. त्यांच्यावरही उपचार लागतात आणि रुग्ण घरी परतल्यावर त्याच्याशी कसे वागावे, याचे मार्गदर्शनही लागते.

पाचवे अंग कायद्याचे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा मनोविकारांत अंतर्भाव केलेला आहे. त्यामुळे या रुग्णांनाही उपचाराचा हक्क आहे आणि त्यांना साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्यातील व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. ही तरतूद कित्येक पालकांना ठाऊक नसते आणि पोलिसांच्या भीतीने मुलाचा आजार लपविला जातो.

शिक्षणानंतरच्या वाटा

या क्षेत्रात आलेले डॉक्टर पुढे काय करतात? महाराष्ट्रात याचे पहिले ठळक उदाहरण म्हणजे डॉ. अनिता अवचट. पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या. १९८०च्या दशकाच्या मध्यास ‘गर्द’ म्हणून ओळखले जाणारे ब्राउन शुगर शहरांतील तरुणांत पसरले. त्यांचे पती, लेखक डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर केलेले लेखन वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. पाच आठवड्यांचा निवासी उपचार, रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आणि व्यसनातून बाहेर आलेल्यांनाच कार्यकर्ते म्हणून उभे करणे, ही या केंद्राची वैशिष्ट्ये ठरली. १९९७ साली डॉ. अनिता अवचट यांचे निधन झाले. त्यानंतरही काम थांबले नाही, कारण ते एका डॉक्टरपुरते न ठेवता संस्थेच्या रीतीत रुजविले गेले होते.

दुसरी वाट संशोधनाची. गोव्यातील ‘संगथ’ या संस्थेने सामान्य, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकरवी मद्यपानाच्या समस्येवर उपचार होऊ शकतात का, याची कसोटी घेतली. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, हानिकारक मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांचा त्यात समावेश होता. फार तर चार बैठकांचे समुपदेशन मिळालेल्या गटात तीन महिन्यांनंतर ३६ टक्के पुरुष हानिकारक मद्यपानातून बाहेर आले. नेहमीच्याच सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. व्यसनविषयक संशोधनाकडे वळलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. अभिजित नाडकर्णी हे या अभ्यासाचे प्रमुख लेखक असून त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पूर्णतः मद्यावलंबी रुग्णांना या अभ्यासात घेतलेले नव्हते, ही मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी. त्यांच्यासाठी डॉक्टर लागतोच. मात्र त्या टोकास पोहोचण्यापूर्वी गावातल्या गावात पुष्कळ करता येते, हे गोव्याने दाखविले.

तिसरी वाट सार्वजनिक आरोग्याची. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. लोकचळवळीच्या रेट्यातून १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमाद्वारे तेथे गावपातळीवरील संघटन आणि रुग्णांसाठी तालुका पातळीवरील उपचार यांची सांगड घालण्यात आली. याखेरीज वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन, कारागृहांतील आरोग्यसेवा, एड्स नियंत्रण कार्यक्रमातील पर्यायी औषधोपचाराची केंद्रे आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम ही क्षेत्रेही या डॉक्टरांना खुली आहेत.

इतक्या वाटा असूनही तरुण डॉक्टर या शाखेकडे कमी वळतात. रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळला की उपचार फसला असे मानले जाते आणि डॉक्टर निराश होतो. मधुमेहाच्या रुग्णाची साखर पुन्हा वाढली म्हणून कोणी मधुमेहतज्ज्ञास दोष देत नाही. व्यसन हाही दीर्घकालीन आजार आहे. त्यात चढउतार होणार आणि प्रत्येक वेळी रुग्णास पुन्हा उपचारात आणावे लागणार, हे धोरण स्वीकारले तर डॉक्टरचे काम फळास येते.

रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात

रत्नागिरीस २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एकाच शहरात जुने मनोरुग्णालय आणि नवे वैद्यकीय महाविद्यालय असणे हा मोठा योग आहे. भावी डॉक्टरांना व्यसनोपचाराचा प्रत्यक्ष अनुभव विद्यार्थिदशेतच मिळाला, तर तेच डॉक्टर पुढे गुहागर, लांजा, राजापूरच्या आरोग्य केंद्रांत तो उपयोगात आणतील.

ग्रामपंचायतींच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. मतदानाने गावातील दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे आणि अनेक गावांतील महिलांनी तिचा निर्धाराने उपयोग केला आहे. परंतु दुकान ज्या दिवशी बंद होते, त्या दिवसापासून गावातील मद्यावलंबी रुग्णांचा ‘तिसरा दिवस’ जवळ येतो. २०२० च्या टाळेबंदीत मद्यविक्री एकाएकी थांबली, तेव्हा केरळमध्ये हा प्रश्न इतका तीव्र झाला की, तेथील शासनाने डॉक्टरच्या चिठ्ठीवर मद्य देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनेने त्यास विरोध केला आणि उच्च न्यायालयाने आदेशास स्थगिती दिली. दारू हे औषध नव्हे, ही डॉक्टरांची भूमिका योग्यच होती. तथापि, उपचाराची तयारी आधीपासून असती, तर असा पेच उद्भवला नसता. म्हणून दारूबंदीचा ठराव करणाऱ्या ग्रामसभेने त्याच बैठकीत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास निमंत्रित करावे, आशा कार्यकर्तीच्या मदतीने रोज पिणाऱ्यांच्या घरी आधी भेट द्यावी आणि लक्षणे दिसताच रुग्ण कोठे न्यावयाचा हे ठरवून ठेवावे.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. खलाशी किनाऱ्यावर असतात आणि हातास काम नसते. हाच काळ उपचारासाठीही वापरता येईल. मच्छीमार सहकारी संस्थांनी या दोन महिन्यांत तपासणी शिबिरे घडवून आणली, तर निवासी उपचारासाठी रजेचा आणि मजुरी बुडण्याचा प्रश्न पुष्कळ अंशी सुटेल. तांडेलांनाही दारू सुटल्यानंतरच्या लक्षणांची माहिती द्यावी, म्हणजे समुद्रात असा प्रसंग आल्यास बोट वेळीच माघारी वळेल.

शिक्षकांचे स्थान यात वेगळे आहे. वर्गात सतत गैरहजर राहणाऱ्या, गृहपाठ न करणाऱ्या, भेदरलेल्या मुलाच्या घरी काय चालले आहे, हे पुष्कळदा शिक्षकास सर्वांआधी कळते. त्याने त्या कुटुंबास व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी किंवा ‘टेली मानस’ची १४४१६ ही वाहिनी सांगितली, तरी उपचाराचे पहिले पाऊल पडते.

व्यसन-वैद्यक शिकलेला डॉक्टर शहरातील मोठ्या संस्थेत घडतो, पण त्याच्या विद्येचे चीज गावातच होते. त्याच्यापर्यंत रुग्ण पोहोचविणे, रुग्णाची हेटाळणी थांबविणे आणि परतलेल्या माणसास पुन्हा कामावर घेणे या गोष्टी डॉक्टरच्या हातात नाहीत. त्या पंचायतीच्या, शाळेच्या आणि शेजाऱ्यांच्या हातात आहेत. ३८ रुग्णांत एकासच उपचार मिळतो, ही स्थिती बदलावयाची असेल, तर डॉक्टर घडविण्याबरोबरच त्याच्या दारापर्यंतची वाटही मोकळी करावी लागेल.